घोरणं आणि झोपेत पाय उडणं, दोन्ही एकत्र असेल तर कुठल्या क्रमाने काय करायचं

मला संध्याकाळनंतर पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं हे मला माहीत होतं. पण मी घोरते, मध्येच माझा श्वास थांबतो आणि दर अर्ध्या मिनिटाला ह्यांना लाथ बसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, हे बिचारे गुपचूप उशी घेऊन हॉलमधल्या दिवाणावर जायचे आणि सकाळी विचारलं की "उकडत होतं" म्हणायचे. डिसेंबरात, नाशिकमध्ये, उकडत होतं!

माझं निदान झाल्यापासून इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत आणि मी काम करते त्या पतसंस्थेत मिळून सहा-सात जणांनी मला विचारलंय, आणि प्रत्येकाने तीच गडबड केलेली, सगळं उलट्या क्रमाने. एकाने आधी झोपेच्या गोळ्या सुरू केल्या, एकाने टेस्ट न करताच श्वासाचं जुनं मशीन आणलं, एक बाई दोन वर्षं पायांसाठी कॅल्शियम खात होत्या. म्हणून क्रम लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, जिथे औषधाचं नाव येईल तिथे ते आपल्या डॉक्टरांना विचारायचं आहे, मेडिकलवाल्याला नाही.

टप्पा १: दहा रात्रींची वही

झोपेत काय होतं ते झोपणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे जाऊन "झोप नीट लागत नाही हो" एवढंच सांगितलं की झोपेची गोळी मिळते आणि विषय संपतो. आधी पुरावा गोळा करा. साधी वही घ्या, दहा रात्री, रोज एक पान.

घरातल्या कुणीतरी बघायला हवं. रात्रभर जागायची गरज नाही, झोप लागल्यावर तासाभराने पंधरा मिनिटं आणि पहाटे चार-साडेचारला पंधरा मिनिटं पुरतात. दोन्ही वेळा लागतात, कारण पाय बहुतेकांचे रात्रीच्या पहिल्या भागात जास्त उडतात आणि श्वास पहाटे, स्वप्नांची झोप जास्त असते तेव्हा जास्त अडकतो. पांघरूण गुडघ्यापर्यंत वर करून मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, पाय दिसले पाहिजेत आणि घोरण्याचा आवाज आला पाहिजे. एकटे राहत असाल तर निदान आवाज रेकॉर्ड करा.

श्वासाचं काय लिहायचं? घोरणं चालू असताना एकदम शांतता, छाती-पोट हलतंय पण हवा जात नाही, मग खर्रकन आवाज करून किंवा दचकून श्वास सुटतो. ती शांतता मनात मोजा, दहा सेकंद किंवा जास्त असेल तर लिहा. उताणं होता की कुशीवर तेही लिहा.

पायाचं म्हणजे, अंगठा वर येतो, घोटा वाकतो, कधी गुडघाही. झोप लागताना एकदाच दचकून पाय झटकला तर सोडून द्या, असा एखादा झटका सगळ्यांनाच बसतो. साधारण वीस ते चाळीस सेकंदांच्या अंतराने घड्याळ लावल्यासारखं पुन्हा पुन्हा होत असेल तर लिहायचं. आणि पाय नेमका श्वास सुटतो त्या क्षणी उडतो का ते बघा. पुष्कळांना तसं होतं, ते दुखणं पायाचं नसतं, श्वासाचंच असतं आणि श्वास सुधारला की जातं.

संध्याकाळचं मात्र ज्याचं त्याने लिहायचं. इथे लोक तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात:

- गोळा: पोटरी दगडासारखी घट्ट होते, कळ येते, पाय ताणला की सुटते.
- मुंग्या, बधिरपणा, तळव्यांची आग: दिवसाही असते, चाललं तरी जात नाही. शुगरवाल्यांनी हे वेगळं सांगायचंच.
- वळवळ: नीट दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, बसलं किंवा आडवं झालं की वाढते, संध्याकाळी-रात्री जास्त, आणि उठून चार पावलं टाकली की तेवढ्यापुरती थांबते.

आपला विषय तिसरा, डॉक्टर त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. ते जागेपणी जाणवतं. झोपेत पाय उडणं ही त्याची भावकी, बहुतेकांना दोन्ही असतं पण एकच असलेलेही आहेत.

वहीत अजून लिहा: रात्री लघवीला किती वेळा उठलात, सकाळी डोकं जड किंवा तोंड कोरडं होतं का, शेवटचा चहा किती वाजता. टेलरच्या टेपने गळ्याचा घेर मोजा, ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर श्वासाची शंका वाढते. माझा ३६ होता तरी निघालंच, म्हणून कमी आला की सुटलो असं नाही. आणि बायांनो, घोरण्याची लाज वाटून लपवू नका, पाळी गेल्यानंतर हे बायकांमध्येही भरपूर वाढतं, आणि आपण टेन्शन-टेन्शन म्हणत बसतो. मी काउंटरवर नोटा मोजताना डुलकी लागून तीनदा परत मोजायचे, तेव्हा सगळे म्हणायचे वय झालं.

थांबा, हे बघा: एकाच पायाला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर वही-बिही बाजूला ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रक्ताची गाठ असू शकते. आणि गाडी चालवताना डोळा लागला असेल, एकदाच का होईना, तर दहा रात्री थांबू नका.

टप्पा २: गोळ्यांचा डबा उघडा, मग रक्त तपासा

घरातला गोळ्यांचा डबा टेबलावर उलटा करा आणि जे जे घेता त्याची यादी करा, सर्दीची गोळीसुद्धा. पाय वळवळणं वाढवणाऱ्या पुष्कळ गोळ्या ह्याच डब्यात असतात: सर्दी-खोकल्याच्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, डिप्रेशनवरच्या बऱ्याच गोळ्या, अमिट्रिप्टिलिन. मला पावसाळाभर सर्दी, रोज रात्री एक गोळी, "तेवढीच झोप येते" म्हणून घ्यायचे आणि अकरा वाजता स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचे, दोन्हीचा संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही.

यादी डॉक्टरांना दाखवा. डिप्रेशनची किंवा फिटची गोळी मनाने बंद करायची नाही, त्यातून होणारा त्रास पायांपेक्षा मोठा असतो.

मग रक्त. इथली ठरलेली चूक म्हणजे हिमोग्लोबिन बघून "लोह ठीक आहे" म्हणणं. माझं हिमोग्लोबिन १२.२, रिपोर्टवर नॉर्मल. फेरिटीन १९, तेही लॅबच्या छापील रेंजमध्येच बसत होतं म्हणून कुणी ठळक केलं नाही. पण फेरिटीन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि पायांच्या ह्या त्रासात तो ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. रेंज सगळ्यांसाठी असते, आपला आकडा वेगळा वाचायचा.

सकाळी उपाशीपोटी जा, लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका, ताप किंवा इन्फेक्शन असताना तर करूच नका, तेव्हा फेरिटीन खोटं वाढलेलं दिसतं. बरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, शुगर, क्रिएटिनिन, बी१२, थायरॉईड हे एकदाच करून टाका म्हणजे सारख्या चकरा नकोत.

थांबा: फेरिटीन कमी आलं म्हणून लगेच गोळ्या आणू नका. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी असेल तर ते जातंय कुठे हे आधी शोधावं लागतं, मूळव्याध, अल्सर, काहीही असू शकतं. आणि लोह जास्त झालं तर तेही वाईटच.

टप्पा ३: टेस्ट बरोबर निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. माझेही गेले.

टेस्ट दोन प्रकारच्या. एक घरी करायची, छोटं यंत्र देतात, नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. दुसरी स्लीप लॅबमधली, रात्रभर तिथे झोपायचं, डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि दोन्ही नडग्यांवर वायरी. नुसतं घोरणं असेल तर घरची टेस्ट पुष्कळदा पुरते. पण पायांची तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा नापास, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं सरळ आहे, त्यात पायाला वायरच नसते. दुसरं मला खूप उशिरा कळलं. श्वास तासाला किती वेळा अडकला त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. घरच्या यंत्राला तुम्ही झोपलात की जागे आहात ते कळत नाही, ते सगळ्या रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतं. समजा यंत्र सात तास चालू होतं, पायांमुळे तुम्ही तीन तास तळमळत काढले, झोप चारच तास, आणि श्वास ८० वेळा अडकला. यंत्र म्हणणार ८० भागिले ७, म्हणजे ११, सौम्य. खरं गणित ८० भागिले ४, म्हणजे २०, मध्यम. माझ्या घरच्या टेस्टमध्ये १२ आला होता, "वजन कमी करा, चालत राहा" सांगून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी लॅबमध्ये २७.

मुंबई नाका, गंगापूर रोड ह्या बाजूला हॉस्पिटलं भरपूर आहेत, फोन करून "स्लीप स्टडी करता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं: "रात्रभर टेक्निशियन असतो का, आणि दोन्ही पायांना वायरी लावता का?" पुढचा प्रश्न, गरज पडली तर त्याच रात्री अर्ध्यात श्वासाचं मशीन लावून हवेचं प्रेशर ठरवतात का. तसं करत असतील तर दुसरी रात्र वाचते.

जायच्या दिवशी: दुपारी झोपायचं नाही, दुपारच्या जेवणानंतर चहा-कॉफी नाही, केस धुऊन जा आणि तेल अजिबात नको नाहीतर डोक्याच्या वायरी चिकटत नाहीत, निदान एका बोटाचं नेलपॉलिश काढा, पाय मोकळे राहतील असा पायजमा, स्वतःची उशी. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर चालू ठेवा. आणि "वायरींमध्ये झोपच नाही लागली" असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं, रिपोर्टमध्ये साडेपाच तास झोप निघाली.

रिपोर्टमध्ये हे शोधा: एएचआय, उताणं झोपल्यावरचा एएचआय वेगळा, ऑक्सिजन कमीत कमी किती, पायांचा आकडा म्हणजे पीएलएम इंडेक्स, आणि त्यातल्या किती हालचालींनी झोप मोडली. मोठ्या माणसात तासाला १५ च्या वर पायांचा आकडा जास्त धरतात. पण आकडा जास्त आहे आणि झोप मोडत नाही, दिवसा त्रास नाही, तर त्यासाठी औषध लागेलच असं नाही.

टप्पा ४: आधी श्वास

दोन्ही निघालं तरी सुरुवात श्वासापासून. श्वासाला चिकटलेले पायाचे झटके त्यातच जातात, आणि उरतील ते खरे पायाचे. उलट केलंत, म्हणजे पाय शांत करायला झोप आणणारी गोळी आधी घेतलीत, तर घसा अजून सैल पडून श्वास जास्त अडकू शकतो. क्लोनाझेपाम नाशिकमध्ये घरोघरी सापडेल, शेजारीण प्रेमाने देईलसुद्धा. घेऊ नका.

मध्यम किंवा गंभीर असेल तर बहुतेकांना सीपॅप सांगतात, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन. ते घेतानाचं आणि शिकतानाचं जरा सविस्तर सांगते, कारण लोक पहिल्या आठवड्यातच कपाटावर ठेवून देतात.

आधी भाड्याने घ्या, महिनाभर. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर मॉडेल नंबर तपासा, कारण जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला आवाज दाबणारा फोम खराब होतो म्हणून आपली कितीतरी मशीन परत मागवली होती, त्यातलं एखादं अजूनही कुणी विकायला काढेल.

मशीनपेक्षा मास्क महत्त्वाचा. दुकानात खुर्चीवर बसून बघू नका, आडवं होऊन, मशीन चालू करून, कुशीवर वळून बघा. मला पहिला मास्क एक साइज मोठा दिला होता, हवा डोळ्यात यायची, आणि मी काय करत होते तर पट्टे अजून आवळत होते. नाकाच्या हाडावर जखम झाली तरी हवा गळतच होती. गळतो म्हणून आवळायचा नाही, साइज बदलायचा. दोन बोटं पट्ट्याखाली सरकली पाहिजेत.

आपल्याकडच्या दोन गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात नसतात. रात्री चेहऱ्याला खोबरेल किंवा क्रीम लावत असाल तर मास्क घसरतो आणि त्याचा रबरही लवकर बिघडतो, म्हणून चेहरा साबणाने धुऊनच मास्क लावायचा. आणि अंबाडा मागे बांधला की पट्टा वर सरकतो, मी आता सैल वेणी घालून पुढे घेते.

पहिले चार-पाच दिवस झोपायच्या वेळी लावूच नका. संध्याकाळी सिरीयल बघताना अर्धा तास, मग पाऊण, मग रात्री. सुरुवातीला दाब हळूहळू वाढवायची सोय असते, त्याला रॅम्प म्हणतात, ती चालू करा. नाक चोंदत असेल तर आधी नाकाचा इलाज. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर रात्री तोंडातून हवा जातेय, मास्कचा प्रकार बदलावा लागेल.

पाणी: ह्युमिडिफायरच्या, म्हणजे मशीनमधली हवा दमट करणाऱ्या भागाच्या, टाकीत मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर. आरओचं म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी तर नकोच, ते श्वासात घ्यायला बनवलेलं नसतं. उरलेलं पाणी रोज सकाळी फेकायचं, मास्कची गादी रोज साध्या साबणाने, नळी आठवड्यातून एकदा, आणि उन्हात वाळत घालायची नाही.

थंडी: डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा मशीनमधली कोमट दमट हवा गार नळीत जाऊन पाणी होते आणि मध्यरात्री नळीत गुडगुड, मग नाकात थेंब. मशीन बिघडलेलं नसतं. मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणातून घ्या, तिला जुन्या स्वेटरची बाही शिवून घाला, ओलावा एक पायरी कमी करा. मी ह्यांच्या निळ्या स्वेटरची बाही कापली, अजून बोलणी खाते.

लाइट: एमएसईबीचा भरवसा नाही, इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. ह्युमिडिफायरचा हीटर बंद केला की मशीन फारच कमी वीज खातं आणि बॅटरी रात्रभर पुरू शकते. एकदा झोपायच्या आधी मेन स्विच पाडून बघा, मशीन आपोआप परत चालू होतं की नाही.

तपासा: महिन्याने मशीनवरचा एएचआय ५ च्या खाली, आणि रोज निदान चार तास, खरं तर पूर्ण झोपभर. मशीनवर आकडा मस्त आहे, तुम्ही मात्र दिवसा पेंगताय? मशीनला पाय दिसत नाहीत. पुढच्या टप्प्यावर या.

टप्पा ५: मग पाय

मशीन नीट चालू होऊन महिना-दीड महिना झाला की वही परत काढा, पाच रात्री पुरेत. झटके गेले असतील तर देवाचे आभार. उरले असतील तर फेरिटीनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे.

लोह चालू केलं तर ते चहाबरोबर कधीच नाही. आपली सवय काय, गोळी हातात आणि कप दुसऱ्या हातात. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी ह्यांनी लोह शोषलं जात नाही, दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होते, बद्धकोष्ठता होते, ते डॉक्टरांना सांगा, गुपचूप बंद करू नका. फरक पडायला आठवडे लागतात, रक्त साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. पोटातून जमत नसेल तर शिरेतून देतात. माझं १९ वरून ८१ वर यायला सात महिने लागले.

पुढचं औषध लागलं तर हल्ली बहुतेकदा आधी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनचा विचार होतो. झोप आणणारी आहेत, म्हणून ती लिहिणाऱ्याला तुमच्या श्वासाचं माहीत पाहिजे. पायांसाठी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आधीपासून चालू असेल तर एका गोष्टीवर डोळा ठेवा: वळवळ रात्री दहाची आठला, मग पाचला सुरू होऊ लागली, हातांतही आली, तर ते औषधच उलटतंय. अशा वेळी लोक अजून अर्धी गोळी वाढवतात. वाढवायची नाही, एकदम थांबवायचीही नाही, डॉक्टरांना गाठायचं.

रात्री उठावंच लागलं तर: भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, कोमट पाण्यात पाय, खरखरीत टॉवेलने चोळा. मोबाइल नको. दुपारनंतरचा चहा तोडला तर बऱ्याच जणांना फरक पडतो, मला पडला, पण पतसंस्थेतला साडेचारचा चहा सोडणं हे सीपॅपपेक्षा अवघड होतं.

टप्पा ६: बाहेर पडताना

दारू दोघांनाही वाईट, घसा सैल पाडते आणि पाय चाळवते. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांनी मशीन दिवसाच्या झोपेतही लावायचं, "दिवसा काय घोरतोय" असं म्हणून सोडतात. उताणं झोपल्यावरच श्वास अडकत असेल तर कुशीवर झोपा, जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून रबरी चेंडू घाला.

गाडी: इलाज बसेपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग नको. कसारा घाटात निदान वळणं जागं ठेवतात, इगतपुरी ते आमणे समृद्धी जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून सरळसोट रस्ता आणि आठ किलोमीटरच्या जवळपासचा बोगदा, पेंग यायला अजून काय हवं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखू, ह्यांनी झोप जात नाही. गाडी बाजूला घ्या.

ऑपरेशन ठरलं, दाताचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगायच्या. मशीन हॉस्पिटलात बरोबर न्यायचं, भूल उतरताना आणि नंतरच्या रात्री लागतं, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं तर पाय रात्रभर नाचतात. मी पर्समध्ये आधार कार्डामागे चिठ्ठी ठेवलीय, ह्यांच्याच अक्षरात, कारण माझं डॉक्टरांपेक्षा वाईट आहे: "झोपेत श्वास थांबतो, सीपॅप वापरते. पाय वळवळण्याचा आजार. झोपेची गोळी विचारल्याशिवाय नको. उलटीचं मेटोक्लोप्रामाइड नको." खाली ह्यांचा मोबाइल नंबर.